नावाडीण गप्प का?

अतिशहाण्यांची एक जमात असते, आणि तिच्यातला एक नग आपल्याच घरात निपजावा हे एका थोरल्या बहिणीचं नशीब. तिचा धाकटा भाऊ दिवसभर विम्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज परत पाठवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन, अंगात इस्त्रीचा शर्ट चढवून, एका ॲनिमेशन मालिकेचा गूढार्थ जगाला समजावून सांगायचा. शर्टाखाली घरातली चुरगळलेली चड्डीच असायची. कॅमेऱ्यात तेवढं येत नाही. त्याचे व्हिडिओ बघणारी मंडळी त्याला 'गुरुवर्य' म्हणत. घरात गुरुवर्य वगैरे काही नव्हतं. आई म्हणायची, "आधी जेवून घे रे, मग काय ते बडबड."

मालिका धुक्यात बुडालेल्या एका राज्याची होती. तिच्यात शापित राजे होते, बोलणारे डोंगर होते, आणि एका काठावरची माणसं दुसऱ्या काठाला पोचवणारी एक नावाडीण होती. फटकळ बाई. राजा आला तरी, "आधी पाय धू, मग नावेत चढ," असं तोंडावर सुनावणारी. तिचा आवाज द्यायची गुरुवर्यांची ही थोरली बहीण. दोन पर्वं तिने ती नावाडीण अशी काही बोलून दाखवली होती की शाळेतून घरी जाणारी पोरं रस्त्यात एकमेकांना "आधी पाय धू" म्हणून चिडवायची.

मग तिच्या स्वरतंतूवर गाठ आली. ऑपरेशन झालं. काही आठवडे एक अक्षर बोलायचं नव्हतं, आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलं, "हळू बोला, थोडं बोला. कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. आणि ओरडायचं तर नावच काढू नका. पूर्वीचा आवाज परत येईल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही."

दिग्दर्शिका भली बाई होती. वाहिनीची माणसं म्हणत होती, दुसरी कुणी घ्या. तिने ठाम नकार दिला. "तिसऱ्या पर्वात नावाडीण नुसती वल्हवेल," ती घरी येऊन सांगून गेली. "प्रवासी बोलतील, डोंगर बोलतील, ही गप्प. तू बरी हो. शेवटच्या भागात तिला असं बोलायला लावते की सगळी कसर भरून निघेल." ते शेवटचं भाषण लिहूनही झालं होतं आणि हिला पाठही झालं होतं. आवाज आला तर भाषण तिचं, काम तिचं. नाही आला तर दोन्ही गेलं. रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहून डॉक्टरांनी शिकवलेला हुंकार काढायची आणि घसा कुठे अडकतोय ते बघायची.

आणि इकडे आमच्या गुरुवर्यांनी व्हिडिओ काढला : 'नावाडीण गप्प का?'

आता गंमत ऐका. हिला दवाखान्यात नेणारा कोण? हाच. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नखं खात बसलेला कोण? हाच. पातळ पेज गाळून, फुंकर मारून, चमच्याने भरवणारासुद्धा हाच. भाऊ म्हणून त्यात काही खोट नव्हती, खोटं कशाला बोला. पण कॅमेऱ्याच्या दिव्यासमोर बसला की त्याच्या डोक्यातून घर पार पुसलं जायचं. नावाडीण का बोलत नाही हे शोधायला हा बाबा जुने भाग एकेक चित्र थांबवून बघत होता, आणि कारण शेजारच्या खोलीत आरशासमोर हुंकार काढत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

पुरावे तरी काय काढावेत त्याने! एका दृश्यात नावाडिणीची सावली पडली नव्हती. एकदा वल्हं पाण्यात गेलं आणि तरंग उठले नाहीत. प्रवासी तिच्याकडे बघून बोलत नाहीत, समोर बघून बोलतात. सावली काढायची राहून गेली असेल, माणसांच्या हातून राहतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने तीन काड्या जुळवल्या आणि त्यावर महाल उभा केला : नावाडीण दुसऱ्या पर्वाच्या शेवटी बुडून मेली आहे, आणि आता नाव वल्हवते ती तिची आठवण. आठवणीला बोलता येत नाही.

व्हिडिओ बघून ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अरे शहाण्या," ती हळूच म्हणाली, "ती गप्प आहे कारण माझा गळा कापलाय. तूच नेलं होतंस ना मला?"

"ते माहितीये गं ताई," तो समजूत काढल्यासारखा म्हणाला. "पण ते बाहेरचं कारण झालं."

"बाहेरचं म्हणजे?"

"खऱ्या जगातलं. ते आम्ही धरत नाही. पडद्यावर दिसतं तेवढाच पुरावा, हा आमच्या मंडळींचा पहिला नियम आहे. तुझं ऑपरेशन झालंय हे त्या नावाडिणीला ठाऊक आहे का? नाही ना? मग कथेच्या आत ती का गप्प आहे, हा प्रश्न उरतोच."

"अरे, उरतो कसला डोंबलाचा! शेवटच्या भागात ती बो…"

त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. खरंच ठेवले, लहान मुलासारखे. "सांगू नकोस! पाया पडतो, काही सांगू नकोस. माझी सख्खी बहीण त्यात आहे हे मी कुणाला कळू दिलेलं नाही. घरातून आतल्या बातम्या काढतो म्हणतील. माझी काय पत राहील?"

तिला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. घशात कळ उठायला लागली होती, म्हणून ती गप्प बसली. बडबडतोय तर बडबडू दे, ती मनात म्हणाली. रिकामटेकड्यांचं बोलणं रिकामटेकडेच ऐकणार.

इथे मात्र ती चुकली. जगात रिकामटेकडे किती आहेत याचा तिला अंदाज नव्हता. मंडळींच्या अंगावर काटा आला, आणि तसं त्यांनी लिहिलंही. कुणी बिनसावलीच्या नावाडिणीची चित्रं काढली. कुणी तिच्यासाठी रडलं, आणि रडतानाचा व्हिडिओ टाकला. कुणी म्हणालं, हे आधी मलाच सुचलं होतं, आणि त्यावरून दोन तट पडून आठवडाभर शिवीगाळ झाली. जिवंत बाईचं सुतक धरून हजारो माणसं बसली, आणि मधोमध हा, इस्त्रीच्या शर्टात, हरभऱ्याच्या झाडावर.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दिग्दर्शिकेचा निरोप आला, भेटून जा. हिला वाटलं, आवाजाची चाचणी असेल. सकाळीच गरम पाण्याची वाफ घेतली, वाटेत कुणाशी बोलली नाही, गळ्याला रुमाल बांधून स्टुडिओत पोचली. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट एरवी हात हलवायचा. आज तो उगाचच वायरी गुंडाळत बसला होता.

"बस," दिग्दर्शिका म्हणाली. तिने स्वतः मात्र बसायचं टाळलं. "शेवटचा भाग बदलला गं."

"किती?"

"नावाडीण बोलणार नाही. ती… ती मेलेली आहे. आधीपासूनच."

हिला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"कुणी एक गुरुवर्य आहे," दिग्दर्शिका कडवटपणे म्हणाली. "वाहिनीच्या लोकांनी त्याचा व्हिडिओ बघितला. लेखकांना बसवून दाखवला. म्हणाले, एवढी सुंदर कल्पना तुम्हाला का सुचली नाही?"

"सुचली नाही कारण ती जिवंत होती!"

"मी भांडले. अगदी राजीनाम्यापर्यंत गेले. ते म्हणतात, लोकांनी तिचं मरण मानलंय, आता ती बोलली तर फसवल्यासारखं होईल. तुझ्यासाठी गप्प ठेवली होती मी तिला. तेच अंगाशी आलं." ती थांबली. "कोण आहे हा मेला माणूस, तुला काही माहिती आहे?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. "नाही," ती म्हणाली.

"शेवटी एक उसासा लागणार आहे फक्त. तोही तुझा पूर्वीचा आहे आमच्याकडे, तोच लावू. तुला त्रास नको."

"निदान आवाज तरी ऐका माझा."

"ऐकून काय करू?" दिग्दर्शिकेचे डोळे भरून आले. "चांगला आला असेल तर मला जास्तच वाईट वाटेल."

घरी आली तेव्हा गुरुवर्य दिव्याचा कोन ठरवत होते. तिने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

"शेवटच्या भागात नावाडीण मेलेली निघणार आहे," ती म्हणाली. "तुझं ऐकून बदललं त्यांनी. माझं भाषण काढून टाकलं. माझं काम गेलं."

सांगायला लाज वाटते, पण झालं ते झालं. त्याच्या तोंडावर आधी आनंद आला. लपवताही येईना असा, पोराचा पहिला नंबर आल्यासारखा.

"म्हणजे माझंच खरं निघालं?" तो म्हणाला.

मग तिच्या गळ्याच्या रुमालाकडे त्याचं लक्ष गेलं आणि चेहरा उतरला. पण उतरला तरी तोंड थांबेना, सवयच ती. "म्हणजे तसं नाही गं ताई, वाईटच झालं. पण बघ ना, कथेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आणि तुझा आवाज अजून कुठे आलाय? समजा आलाच नसता, तर तुलाच…"

"चालता हो!"

ती ओरडली. बेंबीच्या देठापासून ओरडली. घोगरेपणा नाही, फाटणं नाही, अडकणं नाही. भरल्या नदीच्या या काठावरून पलीकडे पोचेल असा खणखणीत आवाज. "माणूस जिवंत समोर उभा आहे आणि तू त्याच्या सावल्या मोजतोस? ऊठ! नीघ माझ्या समोरून!"

ती स्वतःच दचकून गळ्याला हात लावून उभी राहिली. कुठे दुखत नव्हतं.

आई ओल्या हातांनी धावत आली. भांडण कशावरून, कोण कुणाला काय बोललं, तिने काही विचारलं नाही. तिने लेकीचा चेहरा दोन्ही ओल्या हातांत धरला. "आला! अगं, आवाज आला तुझा! पहिल्यासारखा आला!" ती हसत होती, रडत होती, पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "आत्ताच्या आत्ता फोन लाव तुझ्या बाईंना. म्हणावं, तयार आहे मी, कधी येऊ सांगा."

लेकीने फोनला हातही लावला नाही. मग आईने मुलाकडे वळून पाहिलं. तो दिव्याची वायर हातात धरून खाली बघत उभा होता.

"अरे, असा काय उभा आहेस?" आई म्हणाली. "बहिणीचा आवाज परत आला, तुला आनंद नाही झाला?"

"झाला," तो म्हणाला.