दांड्याशेजारची सीट

गणपतराव मेजरांचा फोन आला तेव्हा मी माझ्या गॅरेजात एका जीपखाली पाठीवर पडलो होतो. माझ्या बायकोनं, मेहरुन्निसानं, खाली वाकून फोन माझ्या कानाला लावला. नसता लावला तरी चाललं असतं. मेजर शाहूवाडीतून बोलले की आमच्या मंगळवार पेठेत फोनशिवायही ऐकू येतं.

"इलाही, माझ्या गाडीची मिलिटरीची ट्रान्सफर काढून टाकायची. शिव्हिलची बसवायची, बटनवाली. बघून ठेव."

"मेजर, तब्बेत बरी हाय न्हवं?"

"माझ्या तब्बेतीचं तुला काय करायचंय? तू पेटी बघ." आणि फोन बंद.

मी जीपखालून बाहेर आलो. गणपतराव फौजेत ड्रायव्हर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. गावी आल्यावर त्यांनी मिलिटरीच्या लिलावातला एक छोटा ट्रक घेतला, चारही चाकांना जोर मिळणारा, आणि डोंगरावरच्या धनगरवाड्यांतलं दूध रोज खाली डेअरीवर आणायला लागले. त्या वाटेला रस्ता म्हणणं ही रस्त्याची चेष्टा आहे. सिव्हिलच्या कुठल्याही वस्तूला नावं ठेवल्याशिवाय या माणसाच्या गळ्याखाली चहा उतरत नाही, आणि आज हाच माणूस सिव्हिलची ट्रान्सफर मागत होता.

ट्रान्सफर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गिअरबॉक्सच्या मागं एक पेटी असते. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना ती वाटून देते. मिलिटरीची पेटी बिडाची, जड, आत गिअरला गिअर भिडलेला. ती ओरडते, तेल गाळते, पण मरत नाही. सिव्हिलची असते अ‍ॅल्युमिनियमची. आत साखळी फिरते, आवाज नाही, डॅशबोर्डवरचं बटन दाबलं की झालं काम. मिलिटरीच्या पेटीला बटन नाही, दोन सीटच्या मधून वर आलेले दोन लोखंडी दांडे आहेत. आखूड दांडा ओढला की पुढची चाकं जोडली जातात. ती जोडल्याशिवाय लांब दांडा हलतच नाही, आणि चढाला लागतो तो ताकदीचा गिअर त्या लांब दांड्यात. दोन्ही ओढायला दंडात बळ पाहिजे. शिवाय चारही चाकं जोडून डांबरी रस्त्यावर वळलात की पुढची चाकं आणि मागची चाकं आपसात ताणाताणी करतात आणि दांडा आवळून बसतो. तेव्हा जोर करायचा नाही. गाडी हातभर मागं घ्यायची, ताण सुटतो, मग दांडा निघतो. शहरातली पोरं याला खोट म्हणतात. अशा पोरांना मी बसायला स्टूल देत नाही.

तरी गिऱ्हाइक म्हणतंय म्हटल्यावर मी अपघातात गेलेल्या एका गाडीची पेटी मिळवली, धुतली, बाकावर ठेवली.

गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मेजर आले. शेजारच्या सीटवर त्यांच्या बायको, धोंडुबाई वैनी. त्या नेहमीच त्या सीटवर असायच्या, खाली पोत्याची घडी, मांडीवर डबा. मला वाटायचं, बाईमाणसाला गाडीतून फिरायची हौस. मेहरुन्निसानं त्यांना हाताला धरून उतरवलं आणि चहाला आत नेलं.

मी मेजरांना बाजूला घेतलं. "मेजर, तुमच्या त्या वाटंला साखळी टिकायची न्हाय. चिखलात तुटली तर डोंगरावर कोन येनार हाय बसवायला? आता हाय ती पेटी तुमच्या नातवंडांस्नीबी पुरंल."

"मला ठावं हाय."

"मग?"

मेजरांनी आतल्या दाराकडं बघितलं. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत त्यांचा बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तिचा उजवा खांदा आखडलाय. झोपंत कूस बदलताना कण्हती. इच्चारलं तर म्हनती कायबी झालं न्हाय."

"वैनींच्या खांद्याचा आन् पेटीचा काय संबंध?"

"दांडं तीच ओढती की."

मी ती गाडी एवढी वर्षं खालून बघत आलो होतो. बेअरिंग, सील, सगळं मला पाठ. आत बसून कोण काय करतं हे मला माहीतच नव्हतं. मेजर म्हणाले, त्या चढावर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागतं, एक सोडला तर चाक हिसडा मारतं आणि गाडी दरीकडं तोंड करते. म्हणून पहिल्या पावसाळ्यापासून दांडे वैनींकडं.

"तिला सांगू नगंस," मेजर म्हणाले. "ऑइल सील बदलायला आलोय म्हनून सांगितलंय."

हे सांगायला आणि वैनी चहा पिऊन बाहेर यायला एकच गाठ पडली. त्यांची नजर सरळ बाकावर गेली.

"ही कुनाची पेटी, मिस्त्री?"

"गिऱ्हाइकाची हाय, वैनी." हे खोटं नव्हतं.

"हिला दांडा कुटं हाय?"

"हिला... बटन असतंय."

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. मेजर माझ्या लोखंड आवळायच्या व्हाइसकडं बघत होते, जणू असा व्हाइस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. वैनी गाडीकडं गेल्या, डाव्या हातानं वर चढल्या, आपल्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं.

"अगं, उतर की. काम करायचंय त्यास्नी."

"करू द्या. मी बसल्याली असतानाच करू द्या."

"तुझ्या खांद्यासाठनंच चाललंय हे सगळं!"

"माझ्या खांद्याला इच्चारलं व्हय कुनी?" मग त्या बोलतच गेल्या. "तुमी फौजंत व्हता तवा मी घरातच बसलेली की. सासू, गुरं, पोरं. तुमी वर्साला एकदा येनार, पावण्यावानी. आला म्हनूस्तोवर ट्रंक भरायला घेनार. लोकं म्हनायची, धोंडुबाईला न्हवरा हाय. व्हय, हाय, पर कुटं हाय? ही गाडी आली तवा मला तुमच्या शेजारी बसाय मिळालं. आता बटन लावलं की तुमी म्हननार, तू कशाला येतीस, घरात आराम कर."

"आरामच करायचा की गं आता."

"लई केलाय. आता न्हाय करत."

मेजर टोपी काढून हातात फिरवत राहिले. आवाज मोठा असलेल्या माणसाचं असं झालं की बघवत नाही. शेवटी मीच म्हणालो, "चला, एक चढ मारून येऊ. दांडा किती जड झालाय बघतो, मग ठरवू." खरं तर मला वेळ काढायचा होता.

गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. उतरायला-चढायला एकच वाट, पावसानं धुपलेली. मी त्यांच्या सीटमागच्या बाकावर बसलो. खाली उतरून गाडी वळवली, चढाच्या तोंडाशी आली, आणि मेजर काहीच बोलले नाहीत. त्यांनी क्लच दाबला आणि अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचलला, एवढंच. इंजिनाचा आवाज खाली आला आणि त्याच क्षणी वैनींनी आखूड दांडा ओढला.

"बसला," वैनी म्हणाल्या.

मग लांब दांडा. तो निम्म्यावर आला आणि त्यांचा हात थांबला. चेहरा पांढरा पडला. मी मागून हात पुढं केला तर त्यांनी त्यावर फटका मारला, आणि चांगला लागला.

मेजर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. "सावकाश," ते म्हणाले. "घाई न्हाय कसली."

वैनींनी डावा हातही दांड्यावर आणला, अंग वळवलं, ओठ चावला आणि ओढला. "बसला." तेव्हाच मेजरांनी क्लच सोडला. त्याच्या आधी नाही. बायकोनं 'बसला' म्हटल्याशिवाय या माणसानं कधी एक इंच गाडी हलवली नसणार. गाडी ओरडत, दगड चिरडत वर आली.

वर डांबरीला वळलो तसा दांडा आवळला. वैनींनी नुसता हात ठेवला आणि त्या थांबल्या. मेजरांनी न सांगता गाडी हातभर मागं घेतली. दांडा सुटला. मेजरांनी बाहीनं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. भर पावसाळ्यात धूळ कुठली, हे मी विचारलं नाही.

गॅरेजवर आल्यावर मी बाकावरच्या पेटीकडं बघत उभा राहिलो. बसवली तर वैनी घरात बसणार. नाही बसवली तर खांदा जाणार. मेहरुन्निसा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"एवढा इचार कसला करताय?" ती म्हणाली. "धोंडुअक्कांनी चहाचा कप कुठल्या हातात धरला हुता, बगितलं का तुमी?"

"कुठल्या?"

"डाव्या. डावा हात ठणठणीत हाय त्यांचा. दांडा उजवीकडं हाय म्हनून उजव्यानं ओढत्यात. तो दांडा तिकडं वाकवता येत न्हाय व्हय तुमाला?"

माझ्या डोक्यात हे का आलं नाही, याचा मला अजून राग आहे. बटनाच्या पेटीला वाकवायला काहीच नसतं. आत एक छोटी मोटर, बाहेर एक वायर, तिला हात कुठला आणि खांदा कुठला. मिलिटरीच्या पेटीचा दांडा म्हणजे सरळसाधी सळई, एक पिन आणि खाली काटा. हातोडा आणि वेल्डिंग असेल तर रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त व्हावी अशी केलेली. मी वैनींना सीटवर बसवलं, डावा हात मांडीवरून सहज कुठवर जातो ते बघून खडूनं खूण केली. मेजर सारखे मधे वाकून "अजून जरा जवळ घे, तिला ताणायला लागू नये," म्हणत होते. मेहरुन्निसानं त्यांना शेवटी दुसरा चहा देऊन दाराबाहेर बसवलं.

पेटी मी उघडलीसुद्धा नाही. दोन्ही दांडे कापले, लांब केले, वैनींच्या डाव्या गुडघ्यासमोर येतील असे वाकवले. पिनेची जागा बदलली, म्हणजे ओढायचं नको, तळव्यानं पुढं ढकललं की झालं. दांडा लांबला तसा जोरही कमी लागायला लागला. मुठीवर मेहरुन्निसानं जुन्या रजईचं कापड गुंडाळून शिवलं. मिलिटरीच्या गाडीला फुलाफुलाची मूठ. मेजरांनी ती बघितली आणि बोटानं एक फूल दाबून बघितलं.

वैनींनी तळवा ठेवला, ढकलला. खट् झालं. परत घेतला, परत ढकलला. मग खांदा हलवून बघितला आणि माझ्याकडं बघून हसल्या, त्या हसण्यावर मी आठवडाभर फुकट काम केलं असतं.

एक गोष्ट मात्र सांगणं भाग होतं. मेजर स्टिअरिंगवर बसल्यावर मी त्यांच्या खिडकीशी गेलो. "मेजर, एक वांदा झालाय. आता तुमचा हात दांड्यापतुर पोचायचा न्हाय. वैनी गाडीत नसतील त्या दिवशी गाडी चढ चढनार न्हाय. मधनं एक जोड काढून देऊ काय तुमच्या बाजूला? तासाभराचं काम हाय."

मेजरांनी डावा हात लांब केला. वाकले, सीटवरून अर्धे उठले. बोटं मुठीपासून चांगली लांब राहिली. वैनी त्या बोटांकडं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. एक तासाचं काम, आणि त्यांची सीट पुन्हा नुसती सीट होणार होती.

मेजर परत आपल्या जागेवर बसले. टोपी सारखी केली.

"नगं," ते म्हणाले. "न्हाय चढली तर न्हाय चढली. ती नसताना वर जाऊन करायचं काय मला?"

हे त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. म्हणजे सगळ्या पेठेला ऐकू गेलं. समोरचा पानवाला वळून बघायला लागला. वैनींनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

इंजिन सुरू झालं. आमच्या दारातला रस्ता सपाट, डांबरी, तिथं चारही चाकं जोडायचं काही कारण नव्हतं. तरी मेजरांनी क्लच दाबला, अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचलला आणि वाट बघत राहिले. वैनींनी डोळे पुसले, तळवा फुलाफुलाच्या मुठीवर ठेवला आणि ढकलला.

"बसला," त्या म्हणाल्या, आणि गाडी निघाली.