सारख्याच दोन वाटा

गणपतराव कांबळ्यांच्या दारात चप्पल काढताना वीरेशला पहिल्यांदा दिसला तो फ्रिज. व्हरांड्यात उभा.

"या पावणं," गणपतराव म्हणाले. "तुमी फोनवर म्हटलासा तसं समदं केलंय. फ्रिज भाईर काढला. भित फोडून नवी वायर घातली. लोखंडी कपाटबी हलवलं."

कपाटाचं सांगितलेलं वीरेशला आठवत नव्हतं. पण सांगितलं असणार. एका छोट्या इंटरनेट कंपनीचं नेटवर्क तो सांभाळायचा. तक्रार आली की आपल्या टेबलावरून तपासायचं, आणि तिथून स्वच्छ दिसलं की दोष गिऱ्हाइकाच्या घरात, असं सांगून मोकळं व्हायचं. यात नियत वाईट नव्हती. सवय होती.

गणपतरावांच्या मुलीची, संघप्रियाची, चारला नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. मागच्या वेळी ती पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजली होती. मुलाखत घेणाऱ्यांनी पुन्हा बोलावलं, हेच नशीब. तिसऱ्यांदा बोलावणार नव्हते. आता तीन वाजले होते.

वीरेशनं तिच्या लॅपटॉपवरून तपासलं. माहितीच्या दहा पाकिटांतली तीन वाटेत गळत होती. त्याच खांबावरच्या शेजारणीकडं एकही नाही. घरातली वायर नवी, खांब तोच; म्हणजे गळती पुढं, कंपनीच्याच वाटेवर होती.

कंपनीतून पुण्याला दोन वाटा होत्या, एक वारणानगरवरून, एक जयसिंगपूरवरून. कंपनीच्या राउटरच्या, म्हणजे वाट ठरवणाऱ्या यंत्राच्या, लेखी दोन्ही सारख्याच. तसं राउटरला सांगितलं होतं वीरेशनंच. वाटा सारख्या असल्या की राउटर दर पाकिटाला वेगळी वाट धरत नाही, नाहीतर मागचं पाकीट आधी पोचायचं. तो दोन्ही टोकांच्या यंत्रांना दिलेल्या आकडी पत्त्यांचं गणित करतो आणि येईल त्या उत्तराच्या वाटेला त्या जोडीला लावून देतो. वारणानगरची वाट तुटली असती तर त्यानं ती सोडली असती. ती नुसती गळत होती, आणि गळकी वाट राउटरला धडधाकटच दिसते. संघप्रिया गणितानं तिकडं गेली होती. शेजारीण जयसिंगपूरकडं, आणि वीरेशची ऑफिसातली खुर्चीही; म्हणून तिथून सगळं स्वच्छ दिसायचं.

तिचा पत्ता बदलला की काम झालं, जुना पत्ता, आणि त्याबरोबर गळकी वाट, जाईल दुसऱ्या कुणाला. हे इतकं चटकन सुचलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"काका, बिघाड तुमच्या घरात न्हाय. आमच्याकडं हाय. मी माझ्या खुर्चीवरनं बघत होतो."

गणपतराव फोडलेल्या भिंतीकडं बघत राहिले. "मग हितं यायचं की आधी."

"व्हय."

"चा घेनार?"

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानं कंपनीच्या मालकांना, आण्णांना, फोन लावला. वारणानगरची वाट बंद करतो म्हणाला.

"येडा हायस? सगळा भार एकाच वाटेवर. गाव हळू होईल. आता निम्म्यांनाच त्रास हाय न्हवं? आनि ते समजूतदार हायत, आपापल्या घरात बिघाड शोधतात."

"समजूतदार मीच केलंय त्यांना," वीरेश म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून वाट बंद केली.

चारला दाराआडून संघप्रियाचा आवाज येऊ लागला. अडखळला नाही. एकदा ती हसलीसुद्धा.

वीरेशचा फोन मात्र थांबेना. पहिले राजारामपुरीचे आकाराम. "लई हळू चालतंय ओ."

"बिघाड आमच्याकडं हाय, मामा. तुमच्या घरात काय न्हाय."



"असं कसं? गेल्या हप्त्यात तुमीच म्हटलासा, वायरिंग जुनं हाय. मी हॉलचं छत उचकटाय काढलंय की."

"किती झालं?"

"निम्मं."

वीरेशनं चहाची कपबशी खाली ठेवली. "थांबा मामा. मी येतो."