दारातली ढाल

त्या उन्हाळ्यातही लातूरच्या नळांना पाणी येणे थांबले होते आणि गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा. तरी पंचशीलाने रविवारचा खेळ मोडू दिला नव्हता. क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारी ही उमरीची मुलगी दुपारी आपल्या खोलीत चटई अंथरी, चौकटीच्या कागदावर किल्ल्याचा नकाशा काढी आणि गोष्ट सांगू लागे. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली पात्रे होत. आपण काय करणार ते बोलून सांगत; ते जमले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवी; मोठा आकडा पडला तर जमले, लहान पडला तर फसले.

पण सहा महिने लढाई एकच चालली होती. शत्रू कोणीही असो, औषधांच्या दुकानात कामाला असलेला नरसिंग म्हणायचा, "म्या दारात उभा. ढाल म्होरं. कुनी भाईर जायचं न्हाई." त्याच्या पाठीमागून उद्धवने बाण सोडायचे, सौदामिनीने जखमा बांधायच्या. शत्रू दाराशी येऊन मरायचे. हरायची सोयच नव्हती. बँकेतला उद्धव मधल्या वेळात आपले उदगीर जिल्हा कधी होणार यावर बोलून घेई. ही लढाई संपेपर्यंत उदगीरचे राज्यसुद्धा होईल, असे सौदामिनी त्याला सुनावी.

गेल्या रविवारी निघताना मात्र तिने शांतपणे सांगितले की, पुन्हा हेच होणार असेल तर ती येणार नाही. ग्रंथालयात सहा दिवस तीच नोंदवही असते. सातव्या दिवशी तेच दार तिला नको होते. ती गेली की उरलेल्या दोघांवर खेळ चालणार नव्हता, आणि या शहरात पंचशीलाला दुसरे कोणी नव्हते.

म्हणून आठवडाभर विचार करून तिने दाराबाहेर एक विहीर मांडली. पाण्याला आलेले गावकरी, भोवती लांडगे. आता नरसिंगला बाहेर पडावेच लागेल.

"विहिरीवर रेटारेटी चालली आहे," तिने सांगितले. "कडेला एक म्हातारी आहे. हंडा सोडत नाही."

"म्या दारात उभा," नरसिंग म्हणाला.

उद्धव हसला. "अरे लेका, लांडगे तुझ्याकडं येईनातच. दार काय सासऱ्यानं आंदण दिलंय का?"

"म्या हलनार न्हाई."

सौदामिनीने पेन्सिल खाली ठेवली. नरसिंग नकाशावरून नजर काढीत नव्हता. विहिरीच्या खुणेवर बोट ठेवून तो बोलला.

"गेल्या साली टँकर आला तवा मायला रांगंत सोडून म्या नळी धराया म्होरं गेलतो. वळून बघितलं तर ती लोकायच्या पायाखाली. तवापून बाजंवर हाय."

पंचशीलाला हे ठाऊक होते. त्याच्या आईला पाहायला ती स्वतः दवाखान्यात गेली होती. टँकरभोवतीची गल्लीतली गर्दी दर आठवड्याला डोळ्यांसमोर असल्यामुळे तिने ती नकाशावर उतरवली. ती गर्दी कोणाच्या अंगावरून गेली होती, एवढेच आठवले नाही. विहीर खोडून टाकते, असे ती चाचरत म्हणाली. नरसिंगने मान हलवली. राहू द्या, आता काढली ती काढली.

तेव्हा सौदामिनी पुढे सरकली. "ढाल मला दे, नरसिंग. दारात मी थांबते. तू जा."

म्हातारीपर्यंत पोचायला त्याने फासा मुठीत धरला, सोडला. चार आले.

क्षणभर पंचशीलाला वाटले, गोष्ट आपलीच तर आहे. "पोचलास," ती म्हणाली.

"चारवर कवाच कुनी पोचलं न्हाई, ताई."

तिने मान खाली घातली. "नाही पोचलास. म्हातारी पडली आहे."

नरसिंग उठला. आईच्या औषधाची वेळ झाली, एवढेच बोलून जिना उतरला.

"पुढच्या रविवारी मी येते," सौदामिनी म्हणाली. "पण तो?"

पंचशीला धावतच खाली गेली. रिकाम्या पिंपांच्या रांगेपाशी तो थांबला होता. येशील का, असे विचारायला तिला धीर होईना. तोच म्हणाला,

"ती म्हातारी जित्ती हाय का?"

"जवळ गेल्याशिवाय कळणार नाही. मलाही नाही."

ऊन कडक होते. नरसिंगने कपाळ पुसले.

"मंग यावंच लागल," तो म्हणाला, आणि न हसता घराकडे वळला.