भरीव तोडे

धरणगावच्या एसटीत वृषाली खिडकीपाशी बसली आणि तिकीट काढायच्या आतच तिला डुलकी लागली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं जाग आली. जळगावच्या एका दवाखान्यात बावीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला झोप कुठंही लागते, फक्त घरी लागत नाही. वॉर्डात कुणी दांडी मारली की वृषालीला बोलवा, असा तिथला अलिखित नियम. आणि या शहाणीनं एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

आज मात्र ती सकाळची ड्युटी उरकून स्वतःच्या कामाला निघाली होती. प्रेमराज सोनारांनी तिच्या मायसाठी घडवलेले तोडे तयार झाले होते.

माय म्हणजे द्रौपदाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, आता लेकीपाशी जळगावात राहते. सारा जन्म तिनं सोनगीरकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात घालवला. त्या शेताची मालकीण तानुबाई पायात चांदीचे तोडे घालायची, चांगले अंगठ्याएवढे जाड. द्रौपदाबाईच्या पायाला कधी साधं पितळ लागलं नव्हतं. पण गावच्या गोष्टी निघाल्या की ती मालकिणीच्या जरीच्या लुगड्याचं नाव काढायची नाही, सोन्याच्या पोतीचंही नाही. तिचं आपलं एकच, ते तोडे. पहिली नोकरी लागली तेव्हा वृषाली म्हणाली होती, माय, तुला तसेच करून देईन. मग भावाचं शिक्षण आलं, त्याचं लग्न आलं, घर आलं, आणि तोडे राहूनच गेले. याची तिला मनातून लाज वाटायची. मायला ते तोडे घालून एकदा चालताना बघायचं, एवढी एकच इच्छा आता तिला उरली होती.

धरणगावला दुकानात सोनारनानांनी फडक्यातून जोड काढून तिच्या ओंजळीत ठेवला, तसे तिचे हात खाली गेले.

"जड आहेत ना?" नाना हसले. "पोकळ काही नाही ताई, सगळं भरीव. निव्वळ चांदी मऊ असते, थोडं तांबं घातलं की आकार धरते. पाच महिने लागले, रागवू नका. हात थरथरतात आता."

वृषालीनं तोड्यावरून बोट फिरवलं. जाड तारेचा पीळ, टोकाला फिरकी. पायाला लागणारी आतली बाजू, जी कुणाच्याच नजरेला पडायची नाही, तीसुद्धा नानांनी घासून गुळगुळीत केली होती. तिच्या स्वतःच्या पैंजणांचा जोड दर दोन वर्षांनी तुटायचा आणि दुकानदार तोंड वर करून नवा घ्या म्हणायचा. हा तोडा तिच्या नंतरही कुणाच्या तरी पायात असेल, असं तिला वाटलं. परतीच्या एसटीत जोड मांडीवर धरून ती बसली, आणि कितीतरी दिवसांनी गाडीत तिला झोप आली नाही.

घरी द्रौपदाबाई खाटेवर बसली होती. फोन आणि पिशवी ओट्यावर टाकून वृषालीनं बूटही न काढता फडकं सोडलं. म्हातारीनं एक तोडा उचलून हातात तोलून पाहिला.

"घाल मग," ती म्हणाली आणि पाय पुढं केले.

तोडा पायाभोवती फिरला, पण फिरकी पोचेना. चांगलं दोन बोटांचं अंतर राहिलं. वृषालीनं जरा दाबून पाहिलं तशी म्हातारी कळवळली. माप वृषालीनंच दिवाळीत बँडेजच्या पट्टीनं घेतलं होतं. तेव्हा मायचे घोटे काडीसारखे होते. पुढं हृदय थकलं, पायांत पाणी साचायला लागलं. रोज सकाळी त्या सुजेवर अंगठा दाबून खड्डा किती पडतो ते बघणाऱ्या बाईला मापाची आठवणच झाली नाही!

"वाढवून आणते गं माय," ती म्हणाली. पण नानांना आणखी पाच महिने लागले असते, आणि मायजवळ तेवढे आहेत की नाहीत हे तिला कुणा डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली.

"रडस कसाले?" द्रौपदाबाई म्हणाली. "काढ ते बूट. तू घाल."

"तुझ्यासाठी केलेत, माय."

"काढ म्हंते ना!"

वृषालीनं बूट काढले, मोजे काढले. म्हातारीनं तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. मोज्यांचे वळ रुतलेले, पोटरीवर निळ्या शिरांची जाळी. म्हातारी त्यावरून हात फिरवत राहिली.

"कितला वरीस उभी शेस व तू?"

"बावीस," वृषाली म्हणाली. मायनं स्वतःच फिरकी लावली. दोन्ही तोडे नीट बसले.

"वावरमा आम्ही बठ्ठ्या पयूत," खाटेवर दोन बोटं पळवून दाखवत म्हातारी म्हणाली. "पानी आनाले पय, वजन कराले पय. तानुबाई नई पये. पायमा इतला भार, तिले कोन पय म्हनी? माले चांदी नई पाहिजे व्हती व. माले तसं चालनं व्हतं."

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. वृषाली सवयीनं ताडकन उठली आणि धावायला गेली, पण पाय उचललाच जाईना. एक पाऊल टेकल्याशिवाय दुसरं निघेना. भिंतीला हात लावत ती ओट्यापाशी पोचली तोवर फोन बंद झाला होता. वॉर्डातूनच होता. ती बघत असतानाच पुन्हा वाजायला लागला.

"वाजू दे," खाटेवरून आवाज आला. "जगतीन बठ्ठा पेशंट."

वृषालीनं फोन पालथा ठेवला आणि ती मागं फिरली, आली तशीच हळू. उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. द्रौपदाबाई उशीला टेकून तिच्या पायांकडं बघत होती. तिनं हातानं खूण केली, अजून एक फेरी मार.