न्हाणीघरातली मोरपंखी भिंत

श्रेयानं काचेच्या मोझॅकचं न्हाणीघर मागितलं, ते मिळणार नाही याची खात्री होती म्हणून.

दोन महिन्यांपूर्वी जेवताना तिच्या सासऱ्यांनी, तात्यासाहेबांनी, विषय काढला होता. "पुण्याच्या नोकरीचं डोक्यातून काढ. इथंच राहायला काय पाहिजे ते बोल. वरचा मजला तुमच्यासाठीच बांधलाय." बीड बायपासजवळच्या त्या घरात गळका नळ बदलायलाही तात्या महिना लावत. म्हणून तिनं मोबाइलवर हॉटेलचा एक फोटो दाखवला. नखाएवढ्या मोरपंखी काचांची सबंध भिंत. तात्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

"बस? एवढंच?"

आठवड्यात खोकी आली. वैजापूरचे पाव्हणे आले की तात्या त्यांना आधी वर नेत. "सूनबाईची पसंती. आता ती कुठं जात नाय." पाव्हणे तिच्याकडं बघून हसत आणि मग श्रेयालाही हसावं लागे.

पुण्याच्या औषध कंपनीतल्या तनुजा मॅडमना आज बाराच्या आत उत्तर द्यायचं होतं. नवरा, गोकुळ, सकाळी वाळूजला पाळीवर जाताना म्हणाला होता, "माझी ना नाही. तात्यांना तेवढं तूच सांग." दहा दिवस ती सांगायला जात होती. दर वेळी तात्या काचेचा नमुना उजेडात धरून बसलेले असत.

मुंजाबा मिस्त्री सिल्लोडकडचा. घरची मेंढरं भावावर सोपवून तो शहरात टाइल्स बसवायचा. सकाळीच त्यानं बादलीत पांढरा मसाला कालवला. "काच आरपार दिसती. काळ्या सिमेंटवर लावली की रंग मेलाच." काचांच्या दर्शनी बाजूला कागद चिकटवलेला होता. कागदासकट काचांचा हा अख्खा पत्रा भिंतीला दाबायचा आणि मसाला धरला की कागद भिजवून सोलायचा.

तो कोपऱ्याचे तुकडे कापायला गच्चीवर गेला, तेवढ्यात मसाला घट्ट वाटला म्हणून तात्यांनी बादलीत मगभर पाणी ओतलं.

मुंजाबानं परत येऊन त्याच मसाल्यावर छातीच्या उंचीवरचा पत्रा लावला आणि तो खाली घसरायला लागला.

"ताई, धरा! दोन्ही हातांनी!"

श्रेयानं तळवे टेकवले.

"लई रेटू नका, काचा आत जातील. मेंढी कातरताना धरतात तसं. हलू द्यायचं नाय, दुखवायचं नाय."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. पाणी ज्यांनी वतलं त्यांना विचारा."

"बोल बाबा, बोल," तात्या म्हणाले.

खिडकीच्या कट्ट्यावर तिचा फोन वाजला. तात्यांनी चष्मा वर केला. "तनुजा मॅडम."

"राहू द्या, तात्या. मी नंतर करते."

"अगं, कामाचा असंल." त्यांनी स्पीकर लावला आणि तिला सोयीचं व्हावं म्हणून फोन अगदी तोंडाजवळ धरला.

"श्रेया, बाराला दहा कमी आहेत. मी यादी पाठवतेय. पंधरा तारखेला पुण्यात हजर होताय ना? नाहीतर पुढचं नाव घेते."

पत्रा केसभर सरकला. श्रेयानं तो वर रेटला. फोन घेऊन जिन्यात जाता येत नव्हतं. हात सोडले तर हा पत्रा खालच्या दोन पत्र्यांना घेऊन उतरला असता. तात्यांचा चेहरा वीतभर अंतरावर होता.

"हो," ती म्हणाली. "पंधराला हजर होते."

फोन बंद झाला. तात्यांचा हात तसाच राहिला.

"ह्याच महिन्याची पंधरा?"

"हो, तात्या."

"मग हे कशाला मागितलं?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं."

मुंजाबाची थापी थांबली होती. तात्या कागदानं झाकलेल्या भिंतीकडं बघत राहिले.

"मुंजाबा, हे काढता येतंय का?"

"आत्ता येतंय. घंट्याभरानं फोडावं लागंल."

श्रेयाचे खांदे भरून आले होते. तिनं बोटं हलवली नाहीत.

"लाव," तात्या म्हणाले. कोपऱ्यातली पालथी बादली ओढून ते तिच्या पाठीमागं बसले.

"गोकुळला ठाऊक हाय?"

"आहे."

"त्योबी जाणार?"

मागं वळून त्यांच्याकडं बघता येत नव्हतं. समोर नुसता तपकिरी कागद होता.

"हो, तात्या," ती कागदाकडं बघत म्हणाली. "दिवाळीनंतर."

"मुंजाबा, अजून किती मिनिटं धरायचं तिनं?" मागून तात्यांनी विचारलं.