आंतोनला दिसलेला हात

मी आंतोनच्या नाकावर बसलेला चष्मा बोलतोय. साध्या चष्म्यासारखा मी अक्षरं मोठी करत नाही. माझ्या मधोमध बारीक कॅमेरा आहे. तो जे टिपतो, ते मी नारिंगी उजेडाचे ठिपके करून आंतोनच्या उजव्या डोळ्यात फेकतो.

माझा जन्म पुण्याच्या एका प्रयोगशाळेतला; आंतोन कोकणातल्या मिठबावचा, हापूसची बाग स्वतः लावलेला. तिशीत त्याला रात्रीचं दिसेना, चाळिशीत दिवसाचंही. प्रयोगशाळेतल्या पूजा डॉक्टरांनी समजावलं, "डोळ्यातला मागचा पडदा म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला तुकडा. त्यातल्या काही पेशी जिवंत आहेत, पण त्यांना उजेड कळत नाही. तो आपण त्यांना शिकवू." पाण्यातल्या शेवाळाला उजेड कळतो. ते कळवणारं जनुक त्यांनी निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर चढवलं आणि सुईने आंतोनच्या डोळ्यात सोडलं. काही महिन्यांनी मला चढवलं.

आधी नुसती लुकलुक. मग एका सकाळी मान इकडून तिकडे फिरवत तो म्हणाला, "टेबलार कप आसा." आणि त्याने तो उचलला. त्याची बायको आल्बिना शेजारी रडत होती. तिच्या गालावर काळानिळा डाग होता. रंग मला दाखवता येत नाहीत, म्हणून आंतोनला तो दिसला नाही.

डाग सिडनीने केलेला. हा आंतोनचा धाकटा भाऊ, गोव्यातली नोकरी सोडून घरी बसलेला. त्याला बाग विकायची होती आणि कागदावर आंतोनचा अंगठा हवा होता. आंतोन नाही म्हणाला, की मार आल्बिनाला. भांडी पडल्याचं ऐकून आंतोन विचारी, "काय झाला गो?" ती सांगे, "पाय घसरलो." दोनदा आंतोनलाच कुणीतरी मागून ढकललं, पायरीवर दात तुटला. दोन्ही वेळा त्याला उचलायला सिडनीच धावला.

मी घरी आल्यावर आठवड्याने, भर दुपारी, सिडनी कागद घेऊन आला. आल्बिना अंगणात कोकमं वाळत घालत होती.

"तुझ्या घोवाक सांग, आज अंगठो व्हयोच."

"मी सांगूचंय नाय."

त्याने तिचे केस धरले आणि डोकं खांबावर आदळलं. पुन्हा आदळलं. ती ओरडली नाही. न ओरडण्याची तिला सवय झाली होती.

आदळल्याच्या आवाजाकडे ओसरीवरच्या आंतोनने मान फिरवली. मी दाखवलं ते एवढंच: खांब, त्याला टेकलेली एक आकृती, आणि वर उचललेला हात.

"हात खाली कर, सिडनी."

"आंधळ्या, तुका काय दिसता?"

"हात दिसता."

सिडनी धावून आला. आंतोनने त्याचं मनगट वरच्यावर धरलं आणि पिळलं. हाड कडकन वाजलं. सिडनीने दुसऱ्या हाताने ठोसा मारला, तसा मी उडून चिऱ्याच्या पायरीवर आपटलो. माझी डावी काच फुटली. आंतोन पुन्हा काळोखात गेला, पण मनगट त्याने सोडलं नाही. त्याच्या पोटात लाथा बसत होत्या. त्याच्या तोंडातलं रक्त माझ्यावर पडलं. शेवटी आल्बिनाने वरवंटा उचलला आणि सिडनीच्या गुडघ्यावर घातला.

तक्रार द्यायला गेलो, तर ठाण्यात हवालदार म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही. साक्ष कसली देणार?"

आल्बिनाने मला पदराने पुसून त्याच्या नाकावर ठेवलं. आंतोनने सावकाश मान फिरवली. "तुमच्या टेबलावर एक उभी वस्तू आहे, बाटली असावी. बाजूला आडवी, वही. आता तुम्ही हात उचललात."

हवालदारांनी हात खाली घेतला आणि वही उघडली.

सिडनी जामिनावर सुटला, कुडाळला राहतो. खटला उभा राहायचाय. माझी काच चिकटपट्टीने बांधलीय, आणि मध्येच माझा उजेड जातो. पूजा डॉक्टर म्हणतात, अशाच उजेडाने कधीतरी मेंदूतले फेफऱ्याचे झटकेही थोपवता येतील. सध्या ते उंदरांवर तपासतायत. तपासा. पण माझ्यासारखे आणखी घडवा, आणि जरा मजबूत घडवा. आम्हाला घरात राहायचं असतं.

मी नाकावरून घसरतो. आंतोन मला सारखं करायला हात वर नेतो, तेव्हा समोर आल्बिना अंग चोरते. हे त्याला पूर्वी ठाऊक नव्हतं. आता तो आधी सांगतो, "चष्मो सारखो करतंय गो." थांबतो. मग हात उचलतो.