तांब्याची बाजू

नवं मशीन चालवून दाखवायला आलेल्या रुपालीने एंटर दाबला आणि मशीनचं सुईसारखं टोक तांब्याच्या पत्र्यावर उतरलं. बारीक लालसर भुसा उडू लागला.

अयूबभाय तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. मिरकरवाड्याच्या जेटीजवळच्या त्यांच्या दुकानात होड्यांचे वायरलेस दुरुस्त होत. होडीच्या तळात पाणी चढलं की वाजणारा अलार्म मात्र ते स्वतः बनवून विकत. त्याचं सर्किट आजवर दुकानात कामाला असलेली मथुरा पत्र्यावर मार्करने काढी आणि नको ते तांबं खाऊन टाकणाऱ्या फेरिकच्या पाण्यात पत्रा बुडवी. तिच्या नखांच्या कडा त्याने कायमच्या पिवळट झाल्या होत्या. रुपालीची नखं स्वच्छ होती.

"बघ गो मथुरे, चित्र काँप्युटरवर काढायचं. टोकाने कुठून कसं जायचं ते तोच ठरवतो. फेरिक नको, काय नको."

"मग मी काय, चहा करू?"

"कर की. मॅडमना साखर कमी."

मथुराला साखर किती लागते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

स्टोव्हपाशी उभी राहून ती स्क्रीनकडे बघत राहिली. चिपचा पहिला पाय डावीकडे होता. चित्र चिपच्या बाजूने, वरून पाहिलेलं असतं आणि तांबं पत्र्याच्या खालच्या बाजूला. म्हणून ते आधी उलटवावं लागतं. मथुरा दर वेळी कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून रेषा मागून गिरवायची, मगच पत्र्याला हात लावायची. रुपालीने चित्र उलटवलंच नव्हतं.

एका शब्दाने मशीन थांबलं असतं.

मथुराने रुपालीच्या कपात दोन चमचे साखर घातली. मग डब्यातून एक चिप काढली, पक्कड घेतली आणि पाठमोरी बसली.

मशीन थांबलं. रुपालीने पत्रा चित्राशेजारी धरला.

"चित्र उलटवायचं राहिलं. सगळं उलटं कोरलं गेलं."

"हा शेवटचा पत्रा," अयूबभाय म्हणाले.

दारातला बाबल्या तांडेल कुरकुरला, "भरतीला होडी काढायची हाय माका. अलार्म घेतल्याबिगर कसा जाव?"

"चिप पाठीवर निजवू," मथुरा म्हणाली. "पाय मागे वाकवले की जुळतात."

तिने टेबलावरची चिप उचलली, बसवली, डाग दिले. तारांची टोकं ओल्या फडक्याला लावताच अलार्म कर्कश वाजला.

"मशीन आणा नाहीतर काय आणा, आमच्या मथुरेशिवाय दुकान चालायचं नाय!" अयूबभाय टाळी देत बाबल्याला म्हणाले, आणि त्याला पोचवायला जेटीकडे गेले.

रुपालीने गार झालेल्या चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

"मथुराताई, तुम्ही चिप उचललीत तेव्हाच तिचे पाय वाकलेले होते."

मथुरा सोल्डरिंगचं टोक ओल्या स्पंजवर पुसत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. मग तिने हात पुढे करून कप उचलला.

"दुसरा करते," ती म्हणाली. "साखर कमी घालून."